पाठीचं माप

गांधीबागेत कटपीसच्या ढिगात
कोपरापर्यंत हात खुपसून तासभर उभी होते,
तेव्हा हे लागलं बोटांना:
मऊ सुती, आधीच कोणीतरी धुतल्यासारखं,
फिक्या पिवळ्यावर बारीक पानं.
दुकानदार म्हणाला, अडीच मीटरला थोडं कमी भरते,
घेऊन टाका, उरलेलं आहे.
उरलेलं. मला पटलं.

रात्रभर बादलीत बुडवलं.
आटायचं ते आधी आटू द्यावं, मग कात्री लावावी,
हे देवगडे बाईंचं, महालातल्या शिवणवर्गातलं,
एकोणनव्वद साली.
तिथून मी एक झबलं आणि अर्धा परकर शिकून निघाले
ती थेट नोकरीवर.
त्यानंतर माझे सगळे कपडे दुसऱ्यांनीच शिवले.
टेलर विचारायचा, खिसा कशाला पाहिजे, मॅडम?
मी म्हणायची, असू द्या मग.

मे महिना. तांडापेठेतली दुपार,
कुत्रंसुद्धा नालीत पोट टेकवून निजलेलं.
कूलरसमोर फरशीवर पेपर पसरला,
जुन्या कुर्त्याच्या कडेनं पेन फिरवलं.
डावी बाही निधनवार्तांवरून गेली,
गळा राशिभविष्यातून.

मग टेप.
छाती, कंबर, दंड.
कमरेला दोन इंच खोटे लिहिले,
मग खोडले.
कापड ऐकून घेतं सगळं
आणि शेवटच्या टाक्याला चुगली करतं.

पण पाठ?
मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत टेप सोडायचा
तर वरचं टोक धरायला कोणी नाही.
आरशाकडे पाठ केली, मान वळवली,
घसरला.
दाराच्या कडीत अडकवून पाहिला,
माझी नाही, दाराची उंची आली.
पाठीचं माप स्वतःचं स्वतःला घेता येत नाही
हे कळायला चौपन्नावं लागलं.

समोरच्या हेडाऊकाकूंना हाक मारली.
त्या कणकेच्या हातांनी आल्या,
"काय शिवून राहिली व?"
हात पदराला पुसल्यासारखे केले,
अंगठा मानेवर रोवला
आणि टेप खाली सोडत गेल्या, सावकाश,
घरात माग होता तेव्हा
ताणा तपासत असतील तशा.
"साडेपंधरा. उभी राय नीट, पोक नको काढू."
आकडा सांगून झाला
तरी अंगठा तिथंच होता जरा वेळ.
मानेला कणीक लागली.
पुसली नाही मी,
संध्याकाळपर्यंत वाळून आपली आपण पडली.

मशीन पायाचं, एका शाळेच्या लिलावातलं,
सातशे रुपये आणि पट्टा वेगळा.
दोनदा लाईन गेली. पायांची कुठे जाते?
घाम सुईवर पडू नये म्हणून
कपाळाला रुमाल बांधला,
आणि तरीही उजवी बाही उलटी लागली,
पानं सगळी आत, फिकी बाजू बाहेर.
ब्लेडनं एकेक टाका उसवला.
उसवताना कळतं
घाई नेमकी कुठे केली होती.

चौथ्या दिवशी घातला.
गळा डावीकडे कणभर उतरतो.
घेराची शिवण एका जागी
ऑटोवाल्यासारखी वळलीय, इशारा न करता.
काकूंनी दारात उभं करून फिरवलं मला,
बोटानं ती शिवण चाचपली, बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "अन् हे काय?"
"खिसे. दोन."
उजव्यात हात घातला त्यांनी,
बांगड्यांसकट, मनगटाच्याही वर,
आणि काढायचा विसरल्या.
"माय व! केवढा खोल!"

खोलच कापला होता.
पेपरात नेमका त्या जागी
तोतलाडोहचा फोटो होता,
भरलेल्याचा, मागच्या सप्टेंबरचा.